मेघकोटची उत्तर बाजू

शशिकला भोपाळला एका कारखान्याच्या टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि अयोध्या नगरात एकटी राहायची. वडील शांताराम त्याच कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्यात फार दिवस न काढताच ते गेले. आई तर शशिकला शाळेत शिकत असतानाच गेली होती. धाकटा भाऊ अनंत दिल्लीत होता. आधी तो दिवाळीला यायचा. मग एका दिवाळीला जमलं नाही, आणि पुढे न जमण्याचीच सवय झाली.

अनंत हिंदी कॉमिक्स लिहायचा. उल्कावीर नावाचा त्याचा नायक घराघरात पोचला होता. छातीवर लाल उल्का, पाठीवर राखाडी शेला, आणि राहायला मेघकोट नावाचं शहर. शशिकलाच्या वर्गातली मुलं दप्तरात लपवून ते अंक आणत. ती ते जप्त करायची आणि स्टाफरूममध्ये उघडून आधी शहर बघायची.

कारण मेघकोट तिचं होतं. लहानपणी वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत, आणि क्वार्टरमध्ये आवाज करायची बंदी असे. मग दोघं भावंडं मागच्या व्हरांड्यात बसून, कारखान्यातल्या रद्द झालेल्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर शहर काढत. अनंतचा उल्कावीर आकाशात उडायचा. शशिकला विचारायची, "उडतोय ठीक आहे, पण कशावरून उडतोय?" आणि ती त्याच्या खाली नदी काढायची, पूल काढायची, बाजार काढायची.

छापील अंकांत मात्र नुसत्या उंच इमारती होत्या. नदी कुठेच नव्हती. तिने अनंतला याबद्दल कधी काही म्हटलं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की ती आपल्या मेघकोटमध्ये फिरून यायची, मिठाच्या बाजारातून निघून पुलापर्यंत. तेवढं झालं की झोप यायची.

आणि एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अनंत न कळवता दारात उभा राहिला. कानाजवळचे केस पिकले होते.

"ताई, एक काम आहे," चहा संपायच्या आतच तो म्हणाला. "मालकांना विशेषांक काढायचाय. मेघकोटचा इतिहास आणि भूगोल. नकाशा, वंशावळ, सगळं. मी लिहायला बसलो आणि लक्षात आलं, मला काहीच माहीत नाही. सगळं तुलाच माहीत होतं."

"इतकी वर्षं त्या शहरावर पोट भरतोस ना?"

"म्हणून तर आलो," तो ओशाळून म्हणाला.

तिने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. मग तिला थांबवणं कठीण झालं. मेघकोट आधी शहर नव्हतंच. मिठाचे व्यापारी गाढवांचे तांडे घेऊन जात, एका पुरात ते नदीच्या अलीकडे अडकले, आणि पाणी ओसरेपर्यंत त्यांच्या बायकांनी चुली मांडल्या, त्या पुन्हा उचलल्याच नाहीत. राजवाडा टेकडीवर, म्हणून राजालाच पाणी सगळ्यात शेवटी मिळायचं. मुख्य रस्ता मध्येच वळतो, कारण तिथे एक चिंच होती आणि ती तोडायला कोणी तयार झालं नाही. पुढे चिंच पडली, वळण राहिलं.

अनंत भराभर लिहून घेत होता. मध्येच थांबून हसला. "ताई, आपण कुजबुजतोय."

खरंच, दोघंही हळू आवाजात बोलत होते. झोपमोड होईल असं घरात कोणी नव्हतं. शशिकलाने मुद्दाम मोठ्याने काहीतरी म्हणून पाहिलं, पण ते तिलाच विचित्र वाटलं.

ते दिवस तिला फार बरे गेले. सकाळी ती जास्तीची पोळी लाटायची. गोविंदपुऱ्याकडून कारखान्याचा भोंगा झाला की अनंत डोळे चोळत उठायचा आणि विचारायचा, "काल आपण तटबंदीपाशी होतो ना?" घरात दुसऱ्या माणसाच्या चपला होत्या. बाथरूममधून नळाचा आवाज यायचा आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून तो ऐकत असायची.

अखेर नकाशा पुरा होत आला. फक्त वरची, उत्तरेची बाजू कोरी होती.

"इथे काय?" अनंतने विचारलं.

"काही नाही."

"मग इथे काळभैरवाची गुहा टाकतो. खलनायकाला अड्डा पाहिजेच आहे."

"नको. तिथे गुहा नको."

"अगं, अर्धं पान कोरं कसं ठेवणार? प्रेसवाले हसतील."

"हसू देत. राहू दे ते कोरं."

तिचा आवाज चढला होता. अनंतने पेन खाली ठेवलं. "ताई, काय झालं?"

शशिकलाने कागदाच्या कोऱ्या बाजूवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "मेघकोटचं पहिलं घर उत्तरेला होतं, अनू. दवाखाना होता. आई दवाखान्यात होती आणि मुलांना आत सोडत नसत. म्हणून मी घरी बसून एक दवाखाना काढला. तिथे गेलेलं माणूस बरं होऊनच येतं, असा. मग त्याच्या खिडकीतून दिसायला नदी काढली. नदी आली म्हणून पूल आला. आई गेली त्या दिवशी मी तो तुकडा फाडून टाकला. बाकीचं शहर राहिलं. तू नंतर आलास त्यात, तुझ्या उल्कावीराला घेऊन."

आई गेली तेव्हा अनंत पाच वर्षांचा होता.

"मला आई आठवतच नाही," तो म्हणाला. "बाबांना विचारायची हिंमत नव्हती. तुला विचारलं तर तू रडशील असं वाटायचं. कशी होती ग?"

मग त्या संध्याकाळी शहर बाजूला राहिलं. तिने त्याला आई सांगितली. लीला तिचं नाव, माहेर वर्ध्याचं. शेजारणींशी हिंदी बोलताना ती 'है' ऐवजी 'आहे' म्हणायची आणि स्वतःच हसायची. तिला भोपाळची थंडी सोसायची नाही. साडीवर बाबांचा कारखान्याचा स्वेटर घालून ती दूध आणायला जायची. अनंत ऐकता ऐकता पुढे सरकून बसला होता.

तो दिल्लीला परतला आणि मग दर रविवारी शेजारच्या प्रमिलाकाकूंकडे फोन येऊ लागला. काकू खिडकीतून हाक मारायच्या, "शशी, भाई का फोन!" अनंत नकाशाचं थोडं बोलायचा आणि मग म्हणायचा, "आईचं आणखी एक सांग ना."

ती सांगायची. पण तीही तेव्हा अकराच वर्षांची होती. हळूहळू सांगण्यासारखं सरत आलं. एका रविवारी फोन कानाला लावला आणि तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. तिकडून अनंतचा श्वास ऐकू येत होता. काही नाही म्हटलं, तर पुढच्या रविवारी तो फोन करेल का?

"एकदा आई आपल्याला छोट्या तलावावर घेऊन गेली होती," ती म्हणाली. "होडीत. तू तिच्या मांडीवर होतास आणि पाण्यात हात घालायचा हट्ट करत होतास. तिने तुझ्या शर्टाची मागची बाजू घट्ट धरून ठेवली होती."

"हो?" अनंतचा आवाज बदलला. "ताई, थांब. मला वाटतं हे मला आठवतंय. पाणी गार होतं."

तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "हो. गार होतं," ती म्हणाली.

विशेषांक पावसाळ्याच्या शेवटी आला. मधल्या जोडपानावर मेघकोट पसरलं होतं. नदी होती, वळणाचा रस्ता होता, खाली बारीक अक्षरांत 'नगररचना : शशिकला' असंही होतं. उत्तरेला अनंतने एक तळं काढून घेतलं होतं. तळ्यात होडी, होडीत एक बाई आणि दोन मुलं. बाईने लहान मुलाचा शर्ट मागून धरला होता.

रविवारी फोन आला. "बघितलंस?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात इतका आनंद तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता. "ताई, आता मला ती रोज आठवते."

"छान आलंय," ती म्हणाली. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. पण तिकडे तो त्या दिवशी वारा किती होता ते सांगू लागला, आणि ती ऐकत राहिली.

शाळेत तिचं कौतुक झालं. मुलांनी अंकावर तिच्या सह्या घेतल्या. रात्री अंथरुणावर पडून ती नेहमीसारखी मिठाच्या बाजारातून निघाली आणि पुलापर्यंत आली. समोर तळं दिसत होतं. होडीतली बाई दोन मुलांना घेऊन हसत होती. शशिकलाने त्या बाईचा चेहरा ओळखायचा प्रयत्न केला. मग आईचा खरा चेहरा आठवून पाहिला, त्या स्वेटरमधला. आता तो आठवणारी ती एकटीच होती. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर रेडिओ चालू होता. तो बंद होईपर्यंत ती जागी होती.