उन्हात दिसलं पाहिजे

मला आधीच सांगू द्या, माझं डोकं लवकर तापतं. त्या दिवशी तर सकाळपासूनच तापलेलं होतं, कारण उद्या गावात कमिटी येणार होती आणि आमच्याकडं प्रोजेक्टर नव्हता.

मी नूतन, पंचायतीत कम्प्युटरवर काम करते. गावाच्या वरच्या डोंगरावर आमच्या ग्रामसभेचा वनहक्काचा दावा. तिथं गोंड घरांच्या पूर्वजांचे सात दगड उभे आहेत. माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभारायचा, ही त्यांची रीत. दावा करताना आम्ही त्या दगडांच्या फोटोंच्या झेरॉक्स जोडल्या. झेरॉक्समध्ये नुसते काळे डाग उठले, आणि फाइल ‘पुरावा अस्पष्ट’ म्हणून परत आली. आता शेवटची सुनावणी. पत्रात स्पष्ट लिहिलेलं, सादरीकरण पडद्यावर करावे. हे हुकलं तर डोंगर गेला.

ग्रामसभेनं बारा हजार दिले आणि सोबत सोमारीबाईला दिलं. सत्तरीची बाई, पायात प्लास्टिकची चप्पल, कमरेला बटवा. “दोन जणांनी पाहिलेलं बरं,” म्हणे. मी मनात म्हटलं, हिला काय प्रोजेक्टर कळणार? चंद्रपूरपर्यंत बसमध्ये मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

दुकानदार लोकेशनं आम्हाला आतल्या एसीच्या खोलीत नेलं, पडदे ओढले आणि एक पांढरं चकचकीत, हातात मावेल एवढं मशीन लावलं. भिंतीवर मोर नाचला. खोक्यावर उजेडाचा आकडा नऊ हजार छापलेला, वर एक वर्षाची वॉरंटी. मला तर तिथंच जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. शेवटची बस पाचला होती, घड्याळात पावणेचार.

“पॅक करा,” मी म्हटलं.

“थांब वो,” सोमारीबाई म्हणाली. “बाहेर काढा म्हणा त्याले.”

लोकेश हसला. “बाई, हे काय बैल आहे का?”

“मोहफूल घेतो तं आम्ही उन्हात पसरून पाहतो, भाऊ. कोठीतल्या अंधारात बुरशी दिसतच नाई. उद्या आमच्या मांडवात ऊन राहीन.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “सोमारीबाई, बस सुटंल! तुम्हाले काय समजते त्यातलं?” हो, मी असंच बोलले, चार गिऱ्हाइकांसमोर. ती रागावली नाही. फक्त दाराशी जाऊन उभी राहिली, आणि हलेचना.

शेवटी लोकेशनं वैतागून वायर ओढून मशीन ओट्यावरच्या पत्र्याखाली मांडलं. मी पेन ड्राइव्ह लावला, सातव्या दगडाचा फोटो उघडला. भिंतीवर काय? दूध सांडल्यासारखा पांढुरका चौकोन.

“माहा बुढा कुठी गेला?” सोमारीबाईनं विचारलं.

सातवा दगड तिच्या नवऱ्याचा होता, डोमाचा. मला हे ठाऊक होतं, तरी तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लोकेशनं ते मशीन बंद केलं. मग कोपऱ्यातून एक जुनं, काळं, जडशीळ मशीन आणलं. कोणत्यातरी शिकवणीच्या क्लासमधून आलेलं. ते घरघरत सुरू झालं, आणि भिंतीवर दगड उभा राहिला. फिकट, पण दगडच.

“आहे,” ती म्हणाली. “हेच घे.”

“मॅडम, याची गॅरंटी नाही,” लोकेश म्हणाला. “बल्ब संपत आलाय. दहा तास चालंल, नाही तर अर्धा तास. नवा बल्ब यायला आठ दिवस लागतील.”

नवं घ्यावं तर दिसणार नाही, जुनं घ्यावं तर मधेच विझेल. मी जुनं घेतलं, आणि आम्ही धावत बस पकडली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मशीनला कोणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. ग्रामसभेचे अध्यक्ष देवाजीभाऊ म्हणाले, “एकदा लावून पाहू?” मी त्यांच्यावर असं खेकसले की ते चहा पाहायला निघून गेले. अकराची कमिटी एकला आली. तीन बाजूंनी उघड्या मांडवात ऊन शिरलेलं. मी बटण दाबलं, नकाशा दिसला, आणि मशीनवर लाल दिवा लुकलुकायला लागला.

पहिला दगड लावला आणि कमिटीच्या मोठ्या साहेबांचा फोन वाजला. “थांबा, पुढे नका जाऊ,” म्हणत ते बाहेर गेले. बंद करावं तर तापलेला बल्ब परत लागेलच याचा भरवसा नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. साहेब आंब्याखाली हसत बोलत होते, आणि इथं बल्बबरोबर माझा डोंगर जळत होता. शेवटी मी उठून गेले आणि म्हटलं, “साहेब, तुमचा फोन नंतरबी लागंल. आमचा बल्ब नाई लागणार!”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, फोन खिशात घातला आणि पडद्याजवळ आले.

“हा किती जुना?”

सोमारीबाई उठली. तिनं काठी पडद्यावर टेकवली. “ऐनाच्या झाडाकडं पाहा, साहेब. दगड आधी उभा होता. झाड मागून आलं न् त्याले अर्धं गिळलं.”

साहेब वाकले. साल दगडावरून कशी वळलीय, ते स्पष्ट दिसत होतं. झेरॉक्समध्ये तोच काळा डाग होता. त्यांनी एकेक करत सातही दगड पाहिले, आणि सोमारीबाईनं सहा नावं सांगितली. सातव्याला ती थांबली. “हा माहा माणूस,” एवढंच म्हणाली.

“लिहा,” साहेब कारकुनाला म्हणाले. “पुरावा स्पष्ट. दावा मंजुरीस पात्र.”

लोक ओरडले. देवाजीभाऊंनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मी रडत रडतच बटणाकडं हात नेला. सकाळपासून एकेक मिनिट वाचवायचीच सवय लागलेली.

“राहू दे वो थोडा वेळ,” मागून सोमारीबाई म्हणाली. “एवढा मोठा कधी पाह्यला नाई त्याले.”

मी हात मागं घेतला. गाड्या गेल्या, चहा संपला, लोक पांगले. ती पडद्यासमोर मांडी घालून बसली होती, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले. “बाई, काल मी चुकली,” मी म्हटलं. तिनं न पाहताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

वीसेक मिनिटांनी टक् असा आवाज आला आणि पडदा कोरा झाला.

सोमारीबाई काठी टेकून उठली. मशीनवरची धूळ तिनं पदरानं पुसली.

“चांगलं होतं,” ती म्हणाली.