मे महिन्यात माघारी आलेलं पाणी

टिंकूचं लग्न झालं ते साल २०२२. अंगाची हळद उतरली नाही तोच त्याला आईला घेऊन कोकणात जावं लागलं, म्हणून ते साल घरात कोणी विसरत नाही. नवी नवरी दारात उभी आणि नवरदेव खांद्यावर तांदळाचं चुंगडं घेऊन रेल्वेत. गोंदियाहून कोल्हापूरच्या गाडीत बसले, दुसऱ्या दिवशी कराडला उतरले, तिथून एस.टी.ने घाट उतरून खाली. सारी वाट टिंकू कुरकुरत होता.

"माय, आठ दिवस तर थांबायचं होतं."

"तुही बायको कोठं पळून नाई जात," देवकाबाई म्हणाली. "माही पोरगी तिकडं उपाशी हाये."

देवकाबाई चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतली. वय साठीच्या वर. तलावातली मासोळी डोक्यावर नेऊन गावोगाव विकण्यात तिचा जन्म गेला. तिची मुलगी डिंपल नर्स झाली, चिपळूणच्या एका दवाखान्यात लागली आणि खाडीकाठच्या एका मासेमाराच्या मुलाशी, संकेतशी, तिनं लग्न केलं. आता तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास नको. त्याहून वाईट म्हणजे डिंपलच्या पोटात काही ठरत नव्हतं. महिनाभरात वजन वाढण्याऐवजी दोन किलो उतरलं होतं. "पंधरा दिवसांत वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावी लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते ऐकल्यावर देवकाबाईनं लग्नाच्या मांडवातच पिशवी भरायला घेतली.

ते अक्षय्यतृतीयेच्या दुपारी पोहोचले. खाडीचं पाणी घरामागच्या दगडी बांधाला टेकलं होतं. एवढं पाणी आणि तेही मे महिन्यात! देवकाबाई दोन मिनिटं नुसती बघत राहिली. चोरखमाऱ्याचा तलाव या दिवसांत अर्ध्यावर येतो.

डिंपलचा सासरा भिकाजी बांधावर जाळं विणत बसला होता. सत्तरीचा, काळा, काटक माणूस. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. तो उठला.

"या, या विहीनबाय! प्रवासात तरास नाय ना झाला?"

"तरास कायचा जी इवाई, गाडीनं आणलं. माही पोरगी कोठं हाये?"

पोरगी आत खाटेवर होती. गालफडं बसलेली. आईला पाहून हसली आणि लगेच रडली. संध्याकाळी भिकाजीनं खाडीतल्या बोयट्यांचं कालवण आणि तळलेली कोळंबी समोर ठेवली. टिंकू बोटं चाटत जेवला. डिंपलनं एक घास घेतला आणि मोरीकडं पळाली.

"काऊन वो बाई, काय होते तुले?"

"वास येते माय, समुद्राचा. अन् साऱ्यात नारळ. मले ना, आपल्या तलावाची मासोळी पायजे. चिखलातली. तू जवस वाटून करते तशी." तिनं डोळे पुसले. "सपनात येते मले."

भिकाजी भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला जरा लागलंच.

"तळ्यातली मासळी ती कसली मासळी ओ! पाण्याला हालचाल नाय, माशाला ताकद नाय."

"हालचाल कायले पायजे?" देवकाबाई म्हणाली. "आमची मासोळी घरी राहाते. तुमच्यासारखी रोज गावाले नाई जात."

संकेत हसला. भिकाजीनं विडी पेटवली. टिंकू सकाळी पहिल्या एस.टी.ने परत निघाला. नवरीसाठी आंब्याची पेटी मात्र तो विसरला नाही.

टिंकूला वाटेला लावून देवकाबाई घरामागं गेली, तेव्हा नऊ वाजले असतील. बांधावर उभी राहिली. खाडी नव्हती! कालचं सगळं पाणी गेलेलं. लांबवर चांदीच्या पट्टीसारखा एक प्रवाह उरला होता, आणि इकडं सगळा काळा, चकचकीत गाळ.

तिला एकच कारण ठाऊक होतं. चोरखमाऱ्याला उन्हाळी धानासाठी कालव्याचं गेट उघडतात, तेव्हा पाणी असंच उतरतं. इथंही रात्री कोणीतरी गेट उघडलं असणार. डिंपलनं फोनवर भरती-ओहोटीचं नाव घेतलं असेलही, पण फोनवर सांगितलेलं पाणी डोळ्याला दिसत नाही. आणि मे महिन्यात पाणी मागं गेलं म्हणजे गेलं, ते मिरगाशिवाय परत येत नाही, हे तिनं साठ वर्षं पाहिलं होतं.

तिला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढा गाळ उघडा पडला आणि त्यात एक माणूस नाही! तिच्या गावात तलाव असा आटला की बाया, म्हातारे, लेकरं, सगळी रांग धरून चिखलात उतरतात. पायानं चाचपत जायचं. तळव्याखाली मासोळी धडपडली की पाय तसाच दाबून ठेवायचा आणि हात खाली घालायचा.

"आळशी लोकं," ती स्वतःशीच म्हणाली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, एक बादली उचलली आणि उतरली.

मधला एक कोरडा नाला ओलांडून ती पुढच्या गाळाच्या उंचवट्यावर गेली. तिथं तिला दिसलं ते पाहून ती थबकलीच. वीतभर लांबीची, डोक्यावर डोळे आलेली मासोळी चिखलावर बेडकासारखी उड्या मारत होती. एक, दोन, पंचवीस. जवळ गेलं की टुणकन बिळात. देवकाबाईनं एका बिळाशी पाय रोवला. जरा पलीकडं चिखल हलला. म्हणजे बिळाला दोन तोंडं होती. तिनं एका तोंडावर टाच दाबली, दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि हाताला ती जुनी, ओळखीची धडपड लागली. मासोळी वर काढून तिनं हुंगली. चिखलाचा वास! समुद्राचा नाही, नारळाचा नाही, साधा चिखलाचा. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

मग ती थांबलीच नाही. मासोळी ताजी राहावी म्हणून बादलीत पाणी घातलं, बादली प्रवाहाच्या काठाला टेकवून ठेवली आणि एकेक मासोळी आणून त्यात टाकू लागली. ऊन डोक्यावर आलं. सतरा झाल्या. अठरावी घेऊन ती आली, तर बादली जागेवर नव्हती. चार हात पुढं, पाण्यात, डुलत चालली होती.

"ये बापा! बादली चालून रायली!"

वारा असेल असं वाटून ती मागं धावली, तर पाणी गुडघ्याला लागलं. बादली कलंडली. सतरा मासोळ्या आपापल्या घरी गेल्या. देवकाबाईनं वळून पाहिलं. मघाचा कोरडा नाला भरला होता, चांगला छातीभर, आणि घराचा बांध पलीकडं राहिला होता. पाण्याला ती भीत नव्हती, तलावात जन्म काढलेला. तिला राग आला होता. मे महिन्यात पाणी परत येतं, ही कसली रीत?

"विहीनबाय! ओ विहीनबाय! हलू नका तिथनं!" बांधावरून भिकाजी ओरडत होता. त्याच्यामागं डिंपल पोटाला हात लावून उभी. भिकाजीनं होडी लोटली आणि गुडघे दुखत असतानाही तरण्या माणसासारखी वल्हवत आणली.

"चढा आदी! भरती लागलीय, दिसत नाय तुमाला? नाले पयले भरतात, मागची वाट आदी जाते. माणसं बुडलीत इथं!"

"गेट कोणी बंद केलं?" देवकाबाईनं होडीत बसता बसता विचारलं.

"कसलं गेट?"

"पाण्याचं. रातच्याले उघडलं होतं ना."

भिकाजीनं वल्हं थांबवलं. तिच्याकडं पाहिलं. मग असा हसू लागला की होडी हलायला लागली. "चंद्र उघडतो ओ गेट आमचं! चंद्रच बंद करतो!"

"हसा," देवकाबाई म्हणाली. "पर ही कोणती मासोळी, ते सांगा." अठरावी तिच्या मुठीत तशीच होती.

भिकाजीचं हसणं थांबलं. "निवटी. हातानं धरलीत?"

"पायानं."

"निवटी हातात ठरत नाय कुनाच्या. आमच्या हिला जमायची. ती गेल्यापास्नं घरात निवटी आली नाय." त्यानं पुन्हा वल्हं मारलं. "आता कोन उतरतंय त्या चिखलात."

बांधावर डिंपल आईला बोलणार होती, पण तिची नजर आईच्या मुठीवर गेली. तिनं ती मासोळी घेतली आणि नाकाशी धरली. ती मोरीकडं पळाली नाही.

"माय," ती म्हणाली, "एकच आणली?"

त्या दुपारी बांधावर बसून भिकाजीनं विहिणीला खाडी शिकवली. उन्हाळ्यात नदीला जोर नसतो, त्यामुळं खारं पाणी पार वरपर्यंत चढतं. दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं, तेव्हा होडी काढायची नाही. आणि भरती कधी, ते पंचांगातल्या तिथीवरून काढायचं.

"तितीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?"

"तीन."

"म्हंजी तीन वाजता पानी पुरं भरनार. त्याच्या आदी सहा तास पुरं उतरलेलं. उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट जरा कठीन हाय, थांबा, मी…"

"पावणेचार," देवकाबाई म्हणाली. "चाळीस वर्सं मासोळी तोलली मी. पाव, अर्धा, पाऊण. अन् तुम्ही मले पाऊण शिकवून रायले? पावणेचारले भरते, म्हणजे पावणेदहाले खाली. मी नवाले उतरीन, साडेदहाले बाहेर. अन् बादली कमरेले बांधीन."

भिकाजीनं विडी तोंडातून काढली. "कवा शिकलाव तुमी?"

"आत्ताच. तुम्ही शिकवलं ना."

दुसऱ्या दिवशी ती नवाला उतरली. भिकाजी होडीत, काठी हातात, पहारा देत. त्याला चिखलात पाय घालायची हौस आवरेना. तोही उतरला, मांडीपर्यंत रुतला, आणि विहिणीनं त्याला काखेत हात घालून ओढून काढला. ते डिंपलनं मोबाइलमध्ये टिपून टिंकूला पाठवलं. साडेदहाला चौतीस निवट्या घेऊन दोघं बाहेर आले. मागचा नाला अजून कोरडाच होता.

देवकाबाईनं निवट्या राखेनं घासून धुतल्या. जवस भाजला, लसूण-मिरचीसोबत पाट्यावर वाटला. नारळाला हात लावला नाही. कोकमाची दोन सालं मात्र इवायाच्या मानासाठी टाकली. चुंगड्यातले तांदूळ शिजवले.

डिंपलनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा. मग ताट पुढं करून म्हणाली, "रस्सा घाल वो माय, काय पाहून रायली?"

देवकाबाईनं रस्सा वाढला. भिकाजीनंही भात मागून घेतला, आणि निवट्यांचा काटा न् काटा चोखला.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात काट्यावर डिंपलचं वजन पावणेतीन किलो जास्त भरलं. "पावणेतीन!" देवकाबाई नर्सला म्हणाली, "बराबर पाहा, मी तोलणारी बाई हाओ." ती खाडीकाठीच राहिली आणि पंचमी, अष्टमी, एकादशी बघून चिखलात उतरत राहिली. श्रावणात डिंपलला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. मुलीचं नाव प्रेरणा ठेवलं.

पुढच्या मे महिन्यात डिंपल आणि नातीला घेऊन भिकाजी चोरखमाऱ्याला आला. तलाव उतरला होता, काठाला गाळ उघडा पडला होता. तो काठावर बसला. दुपार झाली, तरी उठेना.

"इवाई, जेवाले चला."

"जरा थांबा ओ. पानी कवा येतंय ते बघतोय."

"मिरगाले," देवकाबाई म्हणाली. "महिनाभर बसाल तं जेवण इथंच आणून देतो."

पण मग तीही त्याच्याशेजारी बसली, आणि नातीचे पाय चिखलात ठेवून दोघंही हसले.

भिकाजी २०२४ च्या कार्तिकात, वद्य पंचमीला सकाळी पावणेदहाला, पाणी पुरं उतरलं तेव्हा, खाडीकाठच्या आपल्या घरी वारला.