कुलूपबंद बॅगेची कबुली

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे, आणि मित्रांनो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुम्ही अजून माझ्या चेनला हात लावलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

जन्माच्या वेळी माझी चारही चाकं एकाच दिशेला जायची. मालक पेशाने शिंपी. एकदा त्यांनी माझी फाटकी बाजू अशी शिवली, की लोक मला सोडून शिवणीचं कौतुक करत. पुढे त्यांचा प्रवास थांबला आणि मी नऊ वर्षं माळ्यावर जुन्या उशा पोटात घेऊन पडून राहिले.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन परदेशात करायचं ठरलं. निघताना मालकीणबाईंनी बजावलं, की परक्या ठिकाणी बॅग नजरेआड करायची नाही. मालकांनी मला रुग्णालयाच्या पलंगाला मापाच्या टेपने बांधून टाकलं.

तिथली नर्स मला पहिल्याच दिवशी खटकली. आमच्याकडचे रुग्ण सांभाळून ती आमची भाषा मोडकीतोडकी शिकली होती. ओळख ना पाळख, आणि मालकांना थेट काका म्हणायची! घरून कोणती औषधं आणलीत, असं रोज विचारायची. काका म्हणायचे, एकही नाही. मग ती माझ्याकडे बघायची. मी अंग चोरून बसायचे.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तिने तपासणीसाठी रक्त घेतलं. कापसाचा बोळा भिजला. दुसरा भिजला. तिसरा भिजल्यावर ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. काकांनी दोन्ही पाय माझ्यावर ठेवले.

"काका, रक्त थांबत नाही. उद्या गुडघा उघडल्यावर थांबलं नाही तर? बॅगेत काय आहे?"

"बटणं आहेत."

"मग बटणं दाखवा."

काकांनी नाइलाजाने बटणांची डबी काढली. आत गोळ्या होत्या.

"हे औषध नाही हो सिस्टर. हृदयासाठी वीस वर्षं चहाबरोबर घेतोय. ही सवय आहे."

तिने घरी फोन लावायला लावला. मालकीणबाईंनी घरी राहिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं आणि पुढची पंधरा मिनिटं काकांना झापलं. नर्सने तेही मन लावून ऐकलं. गोळी रक्त पातळ करणारी निघाली. डॉक्टरांनी ती थांबवून ऑपरेशन सहा दिवस पुढे ढकललं.

आणि मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. डबी माझ्याच पोटात होती. मी मात्र पहारा देत बसले होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. आम्ही घरी निघताना नर्सने माझ्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला. काकांच्या सगळ्या गोळ्यांची यादी, आमच्या भाषेत, वेलांट्या चुकलेली. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'सवय'.

आता मी माळ्यावर नसते, पलंगाखाली असते. काका स्वतःच्या पायांनी चालत येतात, मला उघडतात, यादी बघतात आणि मगच चहा घेतात.

मित्रांनो, जुन्या बॅगांना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि नर्सने विचारलं, तर आमच्या पोटातलं पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्या तोंडाला कुलूप असतं, तुमच्या नाही.