आतल्या पट्ट्या

कारखाना म्हणायला दोन खोल्यांचा, पण रुबाब असा की आत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज आपोआप खाली यावा. हा रुबाब थोरल्या भावाच्या कानाचा. जॅझ वाजवणाऱ्यांसाठी फुगीर पोटाच्या गिटारी हातानं कोरणारे आधीच मोजके, आणि त्यांतही याच्या कानाला तोड नाही, असं वादक म्हणत. तोही त्यांना म्हणू देत असे.

स्प्रूस लाकडाची जाड फळी कोरत कोरत कमानदार करायची, ही गिटारीची तबली. मग ती दोन बोटांत लटकवून पेरानं ठोकायची, चार साली काढायच्या, पुन्हा ठोकायची. ठोक्यामागून बारीक नाद निघून हवेत रेंगाळला की दादा म्हणे, "बोलली." त्यानंतर तिला कॅलिपर लावून जाडी मोजणं म्हणजे दादाच्या इभ्रतीवर संशय घेणं. तसं कोणी करत नसे.

बाकी सगळं धाकट्याकडे: दांडी, सरस, पॉलिश, आणि तबलीला आतून आधार देणाऱ्या दोन लांब पट्ट्या. तो मोजून मापून काम करी, म्हणून दादानं त्याचं नाव 'मापाड्या' पाडलं होतं. याला लाकूड आणि शिळा पाव सारखेच वाजतात, हे दादाचं ठेवणीतलं वाक्य. नवं गिऱ्हाईक आलं की ते चहाच्या आधी बाहेर यायचं. धाकटाही हसायचा. हसायला पैसे पडत नाहीत, आणि घरात एकच कानवाला असला तर भांडणं कमी होतात, हा हिशोब त्यानं मिसरूड फुटायच्या आधीच मांडून ठेवला होता.

खरं म्हणजे धाकट्याला सगळं ऐकू येई. म्हणूनच एकदा त्याचा हात सरसाच्या भांड्यावर तसाच थांबला. दादाच्या बोटांतली तबली स्वच्छ बोलली होती, आणि दादा मान हलवून पुढं कोरतच राहिला होता. नाद खाली खाली उतरला, लाकूड ढिलं वाजायला लागलं, तेव्हा कुठं त्यानं रंधा ठेवला. "बोलली," म्हणाला, पण अनोळखी घराची कडी वाजवावी तसं, जरा अंदाजानंच.

दादा जेवायला गेल्यावर धाकट्यानं चोरासारखा कॅलिपर लावला. तबली नको इतकी पातळ झाली होती. ठोका दादाला ऐकू येत होता. ठोक्याचं शेपूट येत नव्हतं.

ती गिटार त्यानं तशीच जाऊ दिली. एखादा दिवस वाईट असतो, अशी स्वतःची समजूत घातली. पण पुढचीही तशीच निघाली. मग त्यानं कोणाला न विचारता आतल्या पट्ट्या जाड करायला सुरुवात केली. तारांचा भार घोडीवरून तबलीवर येतो, आणि पातळ तबलीला सावरायचं तर तेवढंच त्याच्या हातात होतं. गिटारी थोड्या घुम्या झाल्या, पण तगल्या. पेटी एकदा चिकटवून बंद केली की आत कोण डोकावतो?

डोकावायची पाळी आली. क्लबात वाजवणारे एक जुने वादक, ज्यांना सगळेच 'मामा' म्हणत, ती पहिली, तशीच जाऊ दिलेली गिटार घेऊन आले. घोडीखाली पोट खचलं होतं. दादानं भोकातून छोटा आरसा घालून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पट्ट्या कमी पडल्या असा निकाल दिला. मग मामांसमोरच धाकट्याकडे वळला.

"माप चुकलं का रे, मापाड्या?"

खरं सांगायची वेळ ती. पण दादाच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटलेलं दिसत होतं. म्हणजे धास्ती त्यालाही होती, आणि ती आता कुठं उतरली होती. ते हायसं वाटणं माणसाच्या तोंडावरून पुसून टाकायला छाती लागते.

"हो दादा. माझंच चुकलं."

दादा मोठ्या मनाचा, रागावला नाही. मामांना नवी गिटार करून द्यायचं त्यानं कबूल केलं, आणि यापुढं पट्ट्याही मीच बसवणार म्हणाला, याचं आता वय झालं. धाकटा वयानं धाकटाच होता, हे मामांच्याही लक्षात आलं असावं. पण त्यांना गिटार हवी होती.

त्या गिटारीत दादानं जीव ओतला. तबली पातळ, आणि पट्ट्या जुन्या पद्धतीच्या, नाजूक. मागची फळी चिकटवायच्या आधी धाकट्यानं दोनदा तोंड उघडलं. एकदा सरस पातळ झालाय म्हणाला, दुसऱ्यांदा चहा घेणार का म्हणून विचारलं. फळी चिकटली, शिकंजे आवळले गेले.

मामा आले, तारा चढल्या. सुरुवातीला ती अशी काही वाजली की मामांनी डोळेच मिटले. पातळ तबली मरताना फार गोड बोलते. मग सूर उतरला. मामांनी खुंटी पिळली. पुन्हा उतरला. खिडकीच्या उजेडात धाकट्याला घोडी खचताना दिसत होती, आणि तेवढ्यात गिटारीच्या पोटात काहीतरी टिक् करून सुटलं. मामा दचकले. धाकटा दचकला. दादा मात्र मामांच्या तोंडाकडे बघत, हसऱ्या चेहऱ्यानं, अजून कौतुकाची वाट बघत होता.

"का थांबलात?" त्यानं विचारलं.

मामांना एकाएकी कुठंतरी जायचं आठवलं. जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हातच सगळं सांगून गेला. दादा एकेक तार सैल करत बसला.

"तुझ्या पट्ट्या जाड असायच्या का रे?"

"हो."

"मुद्दाम?"

धाकट्यानं होकारार्थी मान हलवली.

"आत्ता काय झालं?"

"पट्टी सुटली, दादा."

"तुला ऐकू आलं?"

"मला सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून."

दादा त्याच्याकडे असा बघत राहिला, जसं कोणी घरात इतकी वर्षं राहत होतं आणि आज त्याची ओळख होत होती. मग शेवटची तार सैल करून त्यानं ॲप्रन खुंटीला लावला आणि भर दुपारी घरी निघून गेला.

संध्याकाळी धाकटा दादाच्या घरी गेला. वहिनीनं दार अर्धंच उघडलं. काही झालं का, असं तिनं विचारलं नाही.

"भाऊजी, मी घरात कधीची मोठ्यानं बोलते," ती म्हणाली. "ह्यांना वाटतं, मी सारखी चिडलेली असते. वाटू दिलं मी."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही कुठं सांगितलंत?"

दारातून आतली खोली दिसत होती. दादा खुर्चीवर पाठमोरा बसला होता, पायात बूट तसेच. वहिनी सांगत होती, आल्यापासून असेच बसलेत, भिंतीकडे बघत, आणि सांगता सांगता मध्येच थांबली. दोघं कुजबुजत होते. एवढ्या हळू बोलायची काही गरज नव्हती, हे तिला आधी कळलं, मग धाकट्याला. तरी पुढचं त्यानं कुजबुजतच विचारलं.

"काही खाल्लं का त्यानं?"

वहिनीनं नुसतीच नकारार्थी मान हलवली.