शिंप्यानं बेतलेलं टेबल

मित्रांनो, मी एक जुना, बुटका टेबल आहे. व्याकरणाच्या पुस्तकात टेबल ‘ते’ असतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी मला घडवलं त्यांनी पहिल्या दिवसापासून मला ‘हा’ म्हटलं. ‘हा आपल्या घरातला पाचवा,’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून मीही स्वतःला ‘तो’च समजतो. माझी उंची जेमतेम तुमच्या गुडघ्याएवढी आहे. जन्माला आलो तेव्हा मी असा नव्हतो. असा का झालो ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण मला हसा, बाबांना नको.

मला घडवणारे बाबा सुतार नव्हते, शिंपी होते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापडांचे ढीग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. साऱ्या गल्लीच्या अंगावर बाबांच्या हातचे कपडे होते, पण स्वतःच्या घरात चार माणसांनी एकत्र बसून जेवायला जागा नव्हती. बाबा मशीनच्या फळीवर ताट ठेवून जेवत. दादा जिन्याच्या पायरीवर बसे. आई ओट्याशी उभ्यानंच चार घास खाऊन घेई. सगळ्यात धाकटी बटण मशीनखाली पायडलजवळ मांडी घालून बसे. लहानपणी तिनं शर्टाचं बटण गिळून घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून तिचं नाव बटण पडलं ते कायमचं.

एकदा बाबा दादाच्या सदऱ्याचं माप घेत होते. टेप गळ्याभोवती नेताना त्यांची नजर वर गेली.

“अरे, तुला मिसरूड कधी फुटलं?”

“कधीच फुटलं, बाबा,” दादा म्हणाला. “तुम्ही बघता कुठे?”

बाबा हातातला टेप तसाच धरून उभे राहिले. गल्लीतल्या प्रत्येकाची छाती-कंबर त्यांना तोंडपाठ होती आणि घरच्या पोराचा चेहरा बघायचा राहून गेला होता. ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली. त्याच संध्याकाळी ते वखारीतून फळ्या घेऊन आले. चौघांनी चार बाजूंना बसायचं, एकमेकांची तोंडं बघत जेवायचं, यासाठी माझा जन्म झाला. एवढंच माझं काम होतं, मित्रांनो, आणि ते काम सोडून मला कधी दुसरं काही नको होतं.

शेजारी एक सुतार राहत. बाबा त्यांच्याकडे करवत आणि रंधा मागायला गेले.

“मीच करून देतो की,” सुतार म्हणाले.

“नको. घरच्यांसाठी आहे. हातशिलाईच बरी.”

“बघा बुवा. पण शिंपीदादा, लाकूड उसवता येत नाही. कापताना जरा जास्तीचं ठेवा.”

“शिंप्याला सांगताय होय? आमच्यात त्याला माया म्हणतात.”

माया म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांनी उसवलेला कपडा पाहिला असेल त्यांना माहीत असेल. शिवणीच्या आत शिंपी थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो. बाहेरून ते दिसत नाही. मूल वाढलं, माणूस सुटला, की शिवण उसवून कपडा तेवढा सैल करता येतो. बाबांच्या हातचा कपडा वर्षानुवर्षं पुरायचा तो या मायेमुळेच.

त्यांनी माझ्या फळ्यांवर शिंप्याच्या खडूनं खुणा केल्या. कापडाला लावतात तोच टेप मला लावला. रंधा मारताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. आई भुसा झाडता झाडता कुरकुरत होती, पण मधूनच येऊन माझ्या पृष्ठभागावरून तळवा फिरवून जात होती. अखेर मी चार पायांवर उभा राहिलो. बटणचं नाक तेवढं माझ्या कडेवर पोचत होतं. बाबांनी माझ्या कोपऱ्यावर तळहात ठेवून दाबला.

टक्.

मी हललो. सगळ्यांचे चेहरे पडले. बाबा म्हणाले, “काही नाही, एक पाय जरा लांब आहे. आखूड करू.” त्यांनी मला उलटं केलं, एका पायाची चकती कापली आणि पुन्हा उभं केलं. टक्. मग दुसरा पाय कापला. टक्. मग पहिला पाय पुन्हा. पँट आखूड करावी तसे ते मला आखूड करत गेले आणि मी काही हलायचा थांबलो नाही. बाबांच्या मापाबद्दल गल्लीत कुणी ब्र काढला नव्हता, आणि इथे घरातल्या घरात त्यांचं हसं होत होतं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. दादा म्हणाला, “बाबा, थांबा आता, नाहीतर नुसती फळी उरेल.” बटणची मात्र चंगळ होती. प्रत्येक वेळी मला उभं केलं की ती माझ्या शेजारी येऊन ताठ उभी राही. आधी नाक, मग हनुवटी, मग गळा.

“बाबा, मी वाढले! परत वाढले!”

मी गुडघ्याएवढा झालो, तेव्हा एकदाचा टक् आवाज बंद झाला. बाबांनी चारही कोपरे दाबून पाहिले. मी ढिम्म हललो नाही. आई ओरडली, “आता याला कुणी हात लावायचा नाही! जिथे आहे तिथेच राहू दे.” बाबा माझ्या कापलेल्या चकत्या गोळा करत खाली मान घालून म्हणाले, “गल्लीभर माया ठेवत आलो आणि याच्यात ठेवायला विसरलो.”

खुर्च्या करायचा बेत आपोआपच बारगळला. माझ्याभोवती जमिनीवर बसूनच सगळे जेवू लागले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. कुणाचं तरी कोपर कुणाला तरी लागायचं. पेला सांडायचा, भांडण व्हायचं, भांडण मिटायचं. जेवण झाल्यावर बटण माझ्यावर गृहपाठ करी आणि आई डाळ निवडी. जेवायला बसताना बाबा न चुकता माझा कोपरा दाबून बघत. “हलत नाही,” असं ते म्हणत आणि मग पहिला घास घेत. आई मला न हलवता माझ्याभोवतीनं केर काढी.

पुढे दादाला नोकरी लागली आणि आम्ही नव्या घरी जायला निघालो. जुनी इमारत पाडणार होते. सामान बाहेर गेलं, मलाही दारापाशी नेऊन ठेवलं. खोली रिकामी झाली. बटणच्या हातातून एक गोटी निसटली. ती भिंतीपासून घरंगळत निघाली, वळली आणि जिथे माझा एक पाय असायचा नेमक्या त्याच जागी जाऊन थांबली. बटणनं ती उचलून पुन्हा दुसरीकडून सोडली. पुन्हा तिथेच.

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी जमिनीवरून हात फिरवला. तिथे खळगा होता. फरशी इतकी हळूहळू खचलेली होती, की नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दर वेळी मला उलटं करून पुन्हा ठेवताना माझा निराळाच पाय त्या खळग्यात जात होता, आणि बाबा भलताच पाय कापत होते.

“म्हणजे तुमचं माप बरोबरच होतं,” आई हळूच म्हणाली. “जमीनच वाकडी होती.”

बाबा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या पायांत आता त्या खोलीची जमीन होती आणि ती खोली तर आम्ही सोडून चाललो होतो.

नव्या घराची फरशी आरशासारखी सपाट होती. पहिल्याच जेवणाला टक् झालं आणि दादाच्या ऑफिसच्या कपड्यांवर पाणी सांडलं. आईनं माझ्या पायाखाली चिंध्यांची घडी सारली. चिंध्या दबल्या, मी पुन्हा हललो. थोड्या दिवसांनी दादानं काचेचं उंच टेबल आणि चार खुर्च्या आणल्या. चांगल्या मनानं आणल्या हो, आईचे गुडघे दुखत होते. जाता जाता तो म्हणाला, “बाबा, सुतार बोलावून याचे पाय सारखे करून घेऊ या का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “त्या घराचं माप आहे ते. गिऱ्हाईक गेलं म्हणून कुणी माप टाकून देतं का?”

मग मी गॅलरीत गेलो. माझ्यावर कुंड्या आल्या, रद्दी आली, बिघडलेली इस्त्री आली. उन्हानं माझ्या फळ्यांना भेगा पडल्या. दाराच्या काचेतून मला आतलं दिसे. नव्या टेबलाशी खुर्च्या चार होत्या, पण माणसं एका वेळी कधी बसलीच नाहीत. दादा उशिरा येई, बटण लवकर जाई. मग दादाची बदली झाली आणि तो दूरच्या शहरात गेला. बटणही नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. आई दुपारी गॅलरीत येऊन माझ्याजवळ बसायची, सवयीनं माझ्यावर तळवा फिरवायची. एका वर्षी आई गेली.

त्यानंतर घरात बाबा आणि गॅलरीत मी. काचेच्या टेबलावर औषधं आणि किल्ल्या साठल्या. बाबा पलंगावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत. दिवसचे दिवस घरात कुणाचा आवाज नसे. संध्याकाळी ते गॅलरीत येत, रद्दी बाजूला सारत आणि माझा कोपरा दाबत. टक्. जरा थांबून पुन्हा दाबत. टक्. आमचं बोलणं तेवढंच होतं. मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी रोज वाट बघायचो की कुणीतरी मला आत नेईल, माझ्याभोवती बसेल, आणि रोज दार बंद व्हायचं.

शेवटी दादानं बाबांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर रिकामं करायचं होतं. भंगारवाला आला. त्यानं मला एका हातानं हलवून पाहिलं.

“हे हलतंय, काका. जळणाला जाईल फार तर.”

बाबांनी माझा कोपरा दाबून पाहिला. मला न्यावं तरी कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला.

“तो द्यायचा नाही!”

बटण आवराआवरीला आली होती. ती माझ्यापाशी येऊन कमरेत वाकली. एवढीशी होती, ती किती उंच झाली होती! आता ‘मी वाढले!’ म्हणत ती माझ्या शेजारी ताठ उभी राहत नव्हती.

“बाबा, हा माझ्या खोलीवर येतो.”

“अगं, हलतो तो. आणि पाय कापू देणार नाही मी.”

“कापायचंय कुणाला?” आवरताना सापडलेला एक डबा तिनं आतून आणला. त्यात माझ्याच चकत्या होत्या. बाबांनी त्या इतकी वर्षं बटणांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

बापलेक माझ्याभोवती जमिनीवर बसले. बाबांना खाली बसायला फार वेळ लागला. कुठली चकती कुठल्या पायाची, ते काही आठवेना. मग बटणनं एकेक लावून पाहिली, बाबांनी खडूनं खुणा केल्या, बटणनं घासून पातळ केल्या. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच कानस हातात धरली होती आणि तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. तीन पायांना चकत्या लागल्या. खळग्यात असायचा त्या चौथ्याला काहीच लागलं नाही.

बाबांनी तळहात माझ्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला. आवाज आला नाही. त्यांनी बाकीचे तीन कोपरेही दाबले.

“माया घातलीस गं,” बाबा म्हणाले.

त्या दुपारी दोघं माझ्यावर ताटं ठेवून जेवली. दादाच्या आणि आईच्या बाजूकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा दादाकडे गेले आणि मी बटणबरोबर आलो.

मित्रांनो, आता मी एका लहानशा खोलीत खिडकीपाशी आहे. माझ्या चार बाजूंपैकी तीन रिकाम्या असतात. बाबांना आता प्रवास झेपत नाही, दादाला सुट्टी मिळत नाही. माझं काम अजून अर्धवटच आहे. तरी मी उन्हात नाही आणि माझ्यावर रद्दी नाही.

तुमच्या घरात कुणाच्या तरी हातचं असं काही असेल, तर ते अडगळीत टाकू नका. आणि कुणी डगमगताना दिसलं, मग ते टेबल असो की माणूस, तर लगेच करवत काढू नका. आधी त्याच्या पायाखालची जमीन हात फिरवून बघा. कापावंच लागलं, तर थोडी माया ठेवा.

बटण कामावरून येते, हात धुते, ताट माझ्यावर ठेवते. मग बाबांसारखाच तळहात माझ्या कोपऱ्यावर ठेवून दाबते.

“हलत नाही,” असं ती मोठ्यानं म्हणते. खोलीत दुसरं कुणी नसतं. ती घास घेईपर्यंत मी अगदी स्थिर उभा राहतो.