चौसष्टावा टाका

मोडलेलं मनगट जुळलं, पण मावशीच्या हाताची थरथर काही जाईना. विणकामाच्या दुकानावर लावायला "दुकान देणे आहे" अशी लाकडी पाटीसुद्धा तिने रंगवून घेतली. एक शेवटचा गळपट्टा विणायचा, तो फसला की पाटी लावायची, असं तिने भाचीला बजावलं. भाची गणितवाली, धीर देणं तिला जमतच नाही. तिने नुसता एक नियम दिला.

"गोल सुईवर वीण, म्हणजे शेवटचा टाका पहिल्याचा शेजारी होतो. पहिल्या फेरीत एकच टाका लाल, बाकी पांढरे. पुढे प्रत्येक टाक्याने खालच्या फेरीतले डावे-उजवे शेजारी बघायचे. त्या दोघांत एकच लाल असेल तर आपण लाल, नाहीतर पांढरं."

"आणि नक्षी?"

"ती आपोआप येते."

"आयतंच की!"

मावशीने नेहमीसारखे चौसष्ट टाके घातले. निम्म्यावर निम्मे दुमडून मोजता येतात, ही तिची जुनी सवय. लाल त्रिकोण फुलू लागले तशी ती हरखली. मग एका फेरीत एकाआड एक लाल टाके आले, आणि पुढची फेरी कोरी करकरीत. त्यानंतरचीही कोरी. तिने पुन्हा पुन्हा तपासलं, एकही टाका चुकला नव्हता. बरोबर विणूनही हातात काही उरलं नाही, म्हणून तिला रडू कोसळलं.

रागाने तिने सगळं उसवलं आणि पुन्हा टाके घातले. रागात हात जास्तच थरथरत होते. या खेपेला जिथे नक्षी मेली होती, तिथे मागच्या बाजूला दोन लाल टाके एकमेकांना चिकटून उभे राहिले. त्यांच्यातून पुन्हा त्रिकोण फुलले. शेवटी तर दुसरी फेरी जशीच्या तशी परत आली.

भाचीने टाके मोजले. "मावशी, त्रेसष्टच आहेत. गोल जोडताना दोन टाके एकत्र विणले गेलेत."

मावशीचा चेहरा पडला. "बघ. सांगत होते ना, हे हात गेले कामातून."

"अगं, म्हणून तर जगली नक्षी! चौसष्टांच्या गोलात दोन्हीकडून आलेले लाल मागे एकाच टाक्यावर भेटून खोडले जातात, ती मरणारच होती; मीच आधी बघायला हवं होतं. त्रेसष्टांत ती फिरून फिरून येत राहणार. कितीही लांब वीण."

मावशीने हातांकडे पाहिलं. ते अजूनही थरथरत होते. मग तिने नाक पुसलं, न लावलेली ती पाटी आणून टेबलावर पालथी घातली आणि तिच्यावर गळपट्टा अंथरला.

"इस्त्री आण," ती म्हणाली. "सपाट फळी कधीची हवी होती मला."