आईची शुक्रवारची प्रार्थना

आईची जागा या जगात कुणीही घेऊ शकत नाही! हे वाक्य थोरल्याने भाषणाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आणि तिसऱ्या ओळीत ती जागा बायकोला देऊन टाकली होती.

थोरला म्हणजे घरातला मोठा मुलगा, पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून. पाण्यातलं त्याला फारसं कळत नसे, पण निरोपसमारंभाचं भाषण त्याच्याइतकं सुबक खात्यात कुणाला जमत नसे. ‘यांनी कधी कामाला नाही म्हटलं नाही, कधी थकल्याचं दाखवलं नाही, कधी रजा घेतली नाही’ हा मजकूर तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. स्वतःच्या सगळ्या रजा तो वर्ष संपायच्या आत संपवत असे, ती गोष्ट वेगळी. आई जाऊन महिना झाला होता. रविवारी तिच्या आठवणी काढायला घरी माणसं जमणार होती, आणि आईसाठीही त्याने तोच मजकूर काढला. हेतू वाईट नव्हता. यापेक्षा मोठी स्तुती त्याला ठाऊकच नव्हती.

शिवाय मजकूर बसतही होता. आईचं घर म्हणजे दिवसभर दार न लावलेलं घर. पायरीवर पाऊल वाजलं की आतून हाक यायची, “आलात? हात धुऊन घ्या.” कोण आलंय हे ती मागाहून बघायची. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस जेवला, जरा आडवा झाला, आणि संध्याकाळच्या चहानंतर मीटर बघून गेला. आईचं घराबाहेरचं काम एकच. दर शुक्रवारी दुपारी ती प्रार्थनेला जायची. ऊन असो, पाऊस असो, घरात कुणाला ताप असो, शुक्रवार चुकला नाही. तिच्या श्रद्धेचा घरादाराला अभिमान होता. एकदा तिच्याबरोबर जावं, असं मात्र कुणाला वाटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी थोरल्याने भाषण बायकोला वाचून दाखवलं. ती इस्पितळाच्या औषध विभागात होती, नुकतीच कामावरून येऊन ओट्याशी उभी राहिली होती. तिला विभागप्रमुखाची जागा मिळत होती. पण प्रमुखाला घरी यायला रात्र होते, आणि पाहुणे संध्याकाळी येतात.

“‘आईने उघडं ठेवलेलं हे दार माझी पत्नी असंच उघडं ठेवील,’” थोरल्याने वाचलं. “‘त्यासाठी तिने मोठ्या पदावर आनंदाने पाणी सोडलं आहे.’”

“अहो, मला विचारलंत?”

थोरला चकित झाला. “आईला कुणी विचारलं होतं?”

हा मुद्दा आपल्याच बाजूचा आहे, असं त्याला खरोखर वाटलं.

बायकोने नळ बंद केला. “हे उद्या सगळ्यांसमोर वाचणार?”

“म्हणजे काय! भाषण वाचायलाच लिहितात.”

“मग वाचा.”

लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला एवढ्या दोन शब्दांनी धडकी भरायला हवी होती. थोरल्याने स्वल्पविराम तपासले आणि जेवायला बसला.

रविवारी पुढची खोली भरली. मधोमध आईचा मोठा करून घेतलेला फोटो होता. आईचा एकटीचा फोटो सापडलाच नव्हता. प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी पुढे ट्रे धरून होती. त्यातल्याच एकातला ट्रे आणि पाहुणा कापून टाकला होता, त्यामुळे ती हात पुढे करून काहीतरी मागते आहे असं दिसत होतं.

शेजारचे काका बोलायला उठले. आपण या घरात कसे जेवलो, किती जेवलो आणि नको म्हणत असताना वर कसं वाढलं गेलं, हे त्यांनी पदार्थांच्या नावांसकट सांगितलं. मग आणखी दोघे तिघे तसंच बोलले. आठवण आईची होती, वर्णन स्वतःच्या भुकेचं होतं. थोरल्याची बायको खुर्च्यांमधून वाट काढत चहा देत होती.

मग थोरला उभा राहिला. “माझी आई कधी थकली नाही. तिने आयुष्यात एकही रजा घेतली नाही!”

“घेतली,” पुढच्या रांगेतून मावशी म्हणाली.

मावशी आईची धाकटी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. तिने तोंड उघडलं की मागच्या रांगेतली माणसंही नकळत ताठ बसत.

“मावशी, नंतर बोलू.”

“नंतर कशाला? दर शुक्रवारी घेतली. प्रार्थनेला कुठे जायची ती, विचारलंस कधी? माझ्याकडे यायची. दाराला आतून कडी घालायची, बाहेरून कुणाला कळू नये म्हणून चपला आत घ्यायची, आणि झोपायची.”

काकांचा कप बशीपासून वीतभर वर थांबला.

“म्हणजे प्रार्थना करायचीच नाही?” थोरल्याच्या बहिणीने विचारलं.

“करायची की! उशीला डोकं टेकताना. ‘देवा, आज कुणी येऊ देऊ नकोस.’ अगदी मनापासून करायची.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

“पण आईला माणसं आवडायची!” थोरला जवळजवळ ओरडला.

“आवडायचीच. माणसं आवडायची रे, भांडी आवडायची नाहीत. माणसं तुम्ही वाटून घेतलीत, भांडी तिच्या वाट्याला ठेवलीत.”

“मग दमले म्हणून सांगायचं आम्हाला!”

“एकदा सांगितलं होतं. तुम्ही तिचं रक्त तपासून आणलंत. अहवाल उत्तम आला, आणि ती पुन्हा ओट्याशी गेली. देवाला जाते म्हटल्यावर मात्र तू स्वतः छत्री काढून दिलीस. या घरात बाईला सुट्टी देणारा एक देवच होता, म्हणून तिने त्याचं नाव घेतलं. इतकी खरी बाई, पण घटकाभर झोपेसाठी तिला जन्मभर खोटं बोलावं लागलं! ‘ती थकत नाही’ ही स्तुती नव्हे, बाळा. आपल्याला उठायला नको, म्हणून शोधलेली ती सबब आहे.”

थोरल्याच्या हातातला कागद खाली आला. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या चेहऱ्यावर एक तेज असायचं. घरात त्याला श्रद्धेचं तेज म्हणत. तिच्या एका गालावर उशीची घडी उमटलेली असायची, तीही त्याने पाहिली होती!

“मावशी,” त्याने हळूच विचारलं, “नीट झोपायची ना गं ती?”

“नीट? घोरायची!”

थोरला हसला, आणि हसता हसता महिनाभर न आलेलं रडू त्याला आलं. आई झोपायची! कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, दाराला कडी लावून, पाय पसरून झोपायची! छातीवरचं ओझं कुणी उचलून न्यावं तसं त्याला वाटलं.

डोळे पुसून त्याने वर पाहिलं, तर समोर बायको काकांपुढे ट्रे धरून उभी. फोटोत आई होती, अगदी तशीच! ट्रे तेवढा अजून कापायचा राहिला होता.

“अरे देवा!” तो म्हणाला. त्याने पेन काढलं आणि सगळ्यांदेखत तिसरी ओळ खोडली. “अगं, ती प्रमुखाची जागा घे. माझी परवानगी आहे. म्हणजे, मी कोण परवानगी देणारा! घे तू. दार उघडं राहील. चहाचं मी बघतो.”

“होकार परवाच कळवलाय,” बायको म्हणाली आणि ट्रे त्याच्या हातात दिला. “भाषण संपल्यावर सांगणार होते. साखर काकांना कमी.”

मंडळी, आपल्याही घरात कधीच न थकणारी एक बाई असेल. ती थकते. पाहुणचार हा घराचा गुण असेल तर घरातल्या सगळ्यांचे हात त्याला लागू द्यावेत. तो एकाच बाईच्या पायांवर उभा असेल, तर तो गुण तिचा आणि आळस आपला! जिवंतपणी तिला दुपारची झोप द्यावी, मागाहून भाषण दिलं नाही तरी चालतं.

त्या घराचं दार अजून उघडंच असतं. जो मोकळा असेल तो चहा टाकतो, आणि आपला कप ज्याने त्याने विसळायचा असतो. ही पद्धत योग्य आहे हे नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि काकांनी एकमताने मान्य केलं आहे. पाहुणे निम्म्यावर आले आहेत.